शिकविणाऱ्याचे शिकणे
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आजच्या दिवशी मी चार शब्द बोलावे अशी कार्यकारिणीची आज्ञा झाली. मी आयुष्यभर फळ्याजवळ उभी राहिलेली बाई. व्याख्यान देण्याचा अधिकार माझा नाही. परंतु शेजारच्या शाळेला डिजिटल फळा भेट द्यावा काय, हा प्रश्न सध्या मंडळापुढे आहे. म्हणून माझा अनुभव सांगते.

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या. फोनवरून धडा कसा पाठवावा हे मला मुळीच ठाऊक नव्हते. वयाची लाज बाजूला ठेवून सूनबाईजवळ बसले आणि शिकले. भागाकाराचे धडे बोलून पालकांच्या फोनवर पाठवू लागले आणि आपले काम झाले असे समजून निश्चिंत राहिले. पुढे शाळा उघडली तेव्हा एका मुलीची वही कोरी! मी रागावले. ती मान खाली घालून म्हणाली, "बाई, फोन बाबांबरोबर कामाला जातो." फोन रात्री घरी येई, तोवर ती झोपलेली असे. धडा पाठविला, पण तो कोणाला मिळाला हे मी कधी विचारलेच नव्हते. ही चूक फोनची नव्हे, माझी होती.

'असर' पाहणीप्रमाणे ग्रामीण भारतात ज्यांच्या घरी स्मार्टफोन आहे अशी शाळकरी मुले २०१८ मध्ये ३६.५ टक्के होती. २०२० मध्ये ती ६१.८ टक्के झाली. वाढ मोठी खरी. पण घरात फोन असणे निराळे आणि मुलाच्या हाती तो वेळेवर पडणे निराळे.

आपल्याच जिल्ह्यातील एका शाळेने ही अडचण कशी सोडविली ते ऐका. शहरापासून सुमारे २५ किलोमीटरवर गाडीवाट हे गाव आहे. तेथील जिल्हा परिषद शाळेने सप्टेंबर २०१९ मध्ये मुलांना विचारले, परकी भाषा शिकायची तर कोणती? मुलांना रोबोंचे वेड. बहुतेकांनी जपानी सांगितली! शाळेजवळ ना नीट पुस्तके, ना मार्गदर्शक. पण "आम्हांला येत नाही" असे म्हणून गुरुजींनी विषय मिटविला नाही. इंटरनेटवरील चित्रफिती व भाषांतराची साधने धुंडाळून ते कामाला लागले. हे कळताच शहरातील एका भाषातज्ज्ञांनी जुलै २०२० पासून ऑनलाइन वर्ग विनामूल्य घेतले. सर्वांकडे फोन नव्हते, म्हणून शाळेने 'विषयमित्र' नेमले. ज्याला फोन मिळतो त्याने तास ऐकावा आणि सवंगड्यांना शिकवावे, अशी ती योजना.

यंत्रावाचून जपानी भाषा गाडीवाटेला आली नसती, हे मी मान्य करते. परंतु गुरुजी स्वतः विद्यार्थी झाले नसते आणि मूल मुलाजवळ बसले नसते, तर ती फोनातच राहिली असती.

सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडी येथे शिकविलेले शिक्षक रणजितसिंह डिसले यांचे नाव आपण ऐकले आहे. पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड आणण्याच्या कार्यासाठी त्यांना २०२० चा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. दहा लक्ष डॉलरांपैकी निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली. शिक्षक एकटा मोठा होत नाही, हेच त्यात मला दिसते.

तेव्हा भगिनींनो, फळा अवश्य द्यावा. पण दोन गोष्टींसह. विक्रेत्याने एका दुपारी कळा दाबून दाखविल्या म्हणजे शिक्षण झाले असे नव्हे. शाळेतील बाईंना व गुरुजींना एकमेकांचे तास पाहून, चुकत-माकत शिकण्यास पुरेसा अवधी मिळावा, असा आग्रह आपण धरावा. दुसरे, आपल्यापैकी प्रत्येकीने आठवड्यातून एक संध्याकाळ एखाद्या मुलाजवळ बसावे. गणित येत नसले तरी चालेल. "आज काय शिकलास ते मला समजावून सांग," एवढेच म्हणावे. सांगताना ते जेथे अडखळेल तेथेच त्याची अडचण असते. ती बाईंच्या कानी घालावी.

त्या मुलीला मी मधल्या सुट्टीत जवळ बसवून घेतले. बारा चिंचोके आणि चार मैत्रिणी. प्रत्येकीपुढे तीन-तीन ठेवून तिने वर पाहिले आणि म्हणाली, "एवढेच होय, बाई?" एवढेच होते, पण त्यासाठी मला तिच्याजवळ बसावे लागले.