नवें मूत्रपिंड आणि नवा मधुमेह



एकाचें मूत्रपिंड दुसऱ्याच्या देहांत बसवून त्याला जगवितां येतें, यांत आतां नवल राहिलेलें नाहीं. १९५४ सालीं बोस्टन येथें डॉ. जोसेफ मरे यांनीं जुळ्या भावांपैकीं एकाचें मूत्रपिंड दुसऱ्यास बसविलें. आपल्या देशांत १९७१ सालीं वेल्लोर येथें जिवंत दात्याच्या मूत्रपिंडाचें प्रत्यारोपण यशस्वी झालें. परंतु अशा शस्त्रक्रियेनंतर कित्येकांना जडणाऱ्या एका व्याधीविषयीं घरोघर फारसें बोललें जात नाहीं. ती म्हणजे मधुमेह. ज्याच्या रक्तांत पूर्वी साखर अधिक नव्हती, त्यालाच कांहीं आठवड्यांनीं वा महिन्यांनीं ती वाढल्याचें आढळतें. मी वैद्य नाहीं, निवृत्त शाळामास्तर आहें. जें नीट समजून घेतलें तेवढेंच सांगतों.

माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यास त्याच्या मातोश्रींनीं मूत्रपिंड दिलें. तीन महिन्यांनीं त्याला मधुमेह झाल्याचें कळलें. मी समाचारास गेलों असतां त्या माउलीनें हळूच विचारलें, "मास्तर, माझ्याच मूत्रपिंडांतून हा रोग त्याच्याकडे गेला नाहीं ना?" हा प्रश्न तिनें डॉक्टरांपाशीं काढलाच नव्हता.

तसें झालेलें नव्हतें. दात्याची निवड करतांना त्याच्या रक्तांतील साखर तपासली जाते. शिवाय इन्शुलिन निर्माण करणें हें स्वादुपिंडाचें काम, मूत्रपिंडाचें नव्हे. साखर वाढते ती मुख्यतः औषधांमुळें. देह परक्या अवयवाला शत्रु समजून त्यावर चालून जातो. त्याला आवरण्यासाठीं रोग्यास नित्य औषधें घ्यावीं लागतात. त्यांपैकीं टॅक्रोलिमस हें इन्शुलिन बनविणाऱ्या पेशींना दुबळें करतें. प्रेडनिसोलोनमुळें इन्शुलिनचा प्रभाव कमी पडतो व यकृत रक्तांत अधिक साखर सोडूं लागतें. आणखी एक चमत्कारिक गोष्ट अशी कीं, निकोप मूत्रपिंड इन्शुलिनचा निचराहि करतें. जुनीं मूत्रपिंडें निकामी असतां इन्शुलिन देहांत अधिक वेळ टिकत होतें. नवें मूत्रपिंड काम करूं लागतांच दडून बसलेला मधुमेह उघडा पडतो. तेव्हां मातोश्रींच्या मूत्रपिंडाचा अपराध असलाच, तर तें उत्तम चाललें आहे एवढाच!

आपल्या प्रेमळपणाचाहि यांत थोडा हात असतो. वर्षानुवर्षें केळें नको, शहाळें नको, पाणीसुद्धां मोजून, असें पथ्य सोसलेला माणूस बरा होऊन घरीं येतो. त्याची भूक औषधानें वाढलेली असते, आणि भेटीस येणारा प्रत्येकजण पेढ्यांचा पुडा घेऊन येतो. वजन भराभर वाढतें.

येथें एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. साखर तपासावयाची ती सकाळीं उपाशीं पोटीं, अशी आपली जुनी समजूत आहे. प्रेडनिसोलोन सकाळीं घेतलें, तर त्यानें साखर चढते ती दुपारीं व सायंकाळीं. रात्रींतून ती पुन्हां उतरते. म्हणून सकाळचा आंकडा निर्दोष आणि दुपारचा दोनशेंच्या वर, असें घडतें. त्या विद्यार्थ्याच्या घरीं सकाळच्याच आंकड्यावर दोन महिने समाधान मानलें गेलें होतें. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी जी रक्ततपासणी आहे, तीहि आरंभींच्या महिन्यांत पुरती भरंवशाची नसते. कारण रोग्याला पंडुरोग असतो, कधीं रक्त दिलेलें असतें. दुपारचें जेवण झाल्यावर, चारच्या सुमारास घरच्या यंत्रावर साखर पाहावी कीं काय, हें डॉक्टरांस अवश्य विचारावें.

इन्शुलिनची सुई म्हणजे शेवटची पायरी, हाहि एक समज आहे. व्हिएन्ना येथील वैद्यांनीं प्रत्यारोपण झालेल्या ५० रोग्यांचा अभ्यास २०१२ सालीं प्रसिद्ध केला. ज्यांना साखर वाढूं लागतांच इन्शुलिन दिलें, त्यांच्यांत वर्षभरानें मधुमेह कमी आढळला. दमलेल्या पेशींना वेळींच विसांवा मिळाला, असा त्याचा अर्थ लावतात.

मात्र साखर औषधानें वाढते असें कळतांच कोणी घरचा शहाणा म्हणतो, "मग त्या गोळ्या कमी करा." हें करूं नये. गोळ्या चुकल्या तर देह नव्या मूत्रपिंडावर उठतो, आणि तें गेलें म्हणजे आईचें दानहि गेलें. झाडपाल्याचे काढेहि विचारल्यावांचून देऊं नयेत. कांहींमुळें रक्तांतील या औषधांचें प्रमाण बिघडतें. मात्रा उतरवावयाची, कीं औषध बदलावयाचें, हें तें प्रमाण मोजून डॉक्टरच ठरवितात. आपण दुपारचे आंकडे तारीखवार वहींत लिहून न्यावे, आणि मनांतला प्रश्नहि त्याच वहींत लिहावा. दवाखान्यांत ऐन वेळीं तो आठवत नाहीं.