सिंधुदुर्ग जिल्हा : माणसे आणि कारभार
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात, मुंबई येथे केलेले भाषण)



आपल्या जिल्ह्याची लोकसंख्या व कारभार यांविषयी चार शब्द बोलावेत, अशी आज्ञा चिटणिसांनी मला केली. आकड्यांचे भाषण रुक्ष होते, हे मी जाणतो. परंतु हे आकडे आपल्याच घरांचे आहेत, म्हणून ते ऐकून घ्यावेत.

१ मे १९८१ रोजी रत्नागिरीपासून वेगळा होऊन सिंधुदुर्ग जिल्हा अस्तित्वात आला. मुख्यालय ओरोस, तालुके आठ, क्षेत्रफळ ५,२०७ चौरस किलोमीटर. २००१ साली येथे ८,६८,८२५ माणसे होती. २०११ साली ती ८,४९,६५१ भरली. त्याच दशकात महाराष्ट्राची लोकसंख्या मात्र जवळजवळ सोळा टक्क्यांनी वाढली. २०११ च्या गणनेत दर हजार पुरुषांमागे १,०३६ स्त्रिया आढळल्या. या आकड्याचा अर्थ या सभागृहात कोणास समजावून सांगावयास नको. कर्ता पुरुष मुंबईस आणि घर स्त्रियांच्या हाती, ही आपली जुनीच रीत आहे.

माणसे बाहेर गेली, म्हणून बिघडले काय, असे कोणी विचारील. २००१ च्या जनगणनेवरून मतदारसंघांची पुनर्रचना झाली. राज्याच्या जागा २८८ च राहिल्या. परंतु सावंतवाडी, वेंगुर्ले, मालवण व देवगड या आपल्या चार जागांऐवजी २००९ पासून कणकवली, कुडाळ व सावंतवाडी या तीनच उरल्या. जिल्ह्याच्या डोंगर-खाड्या तेवढ्याच राहिल्या, विधानसभेतील आवाज मात्र चारावरून तीनावर आला. नव्या जनगणनेची अधिसूचना २०२५ मध्ये निघाली आहे. तीत आपण जेथे राहतो, तेथेच आपली नोंद होईल आणि तेच योग्य आहे. पण गावाशी असलेले कर्तव्य त्यामुळे संपत नाही.

गावचा कारभार दोन हातांनी चालतो. जमिनीचे दप्तर जिल्हाधिकारी, प्रांत, तहसीलदार व तलाठी यांच्याकडे. तर शाळा, पाणी, गावरस्ते यांचे काम १ मे १९६२ पासून जिल्हा परिषद, पंचायत समिती व ग्रामपंचायत यांच्याकडे. तलाठी व ग्रामसेवक यांना २०२४ मध्ये नवी पदनामे मिळाली, तरी कामे तीच आहेत. सातबाऱ्यासाठी ग्रामसेवकाकडे आणि घरपट्टीसाठी तलाठ्याकडे खेपा घालणारे आपले कित्येक बांधव मी पाहिले आहेत.

माझ्याच घरचे सांगतो. आजोबा निवर्तून कित्येक वर्षे लोटली, तरी सातबाऱ्यावर त्यांचेच नाव होते. वारस चौदा, कोणी मुंबईस, कोणी पुण्यास, कोणी बडोद्यास. गावी राहणाऱ्या चुलत्यांनी काजूच्या लागवडीसाठी सरकारी साहाय्य मागितले, तेव्हा सर्वांच्या सह्या हव्या झाल्या. सह्या जमेपर्यंत पावसाळा सरला आणि कलमे वाफ्यातच राहिली. अपराध कोणा कचेरीचा नव्हता. तो आम्हा चौदा जणांचा होता. वारसाहक्क प्राप्त झाल्यावर तीन महिन्यांत त्याची वर्दी द्यावी, असे महसुलाचा कायदा सांगतो. आम्हांस दोन पिढ्या लागल्या.

म्हणून माझी तीन मागणी आहेत. पहिली, येत्या गणपतीस गावी जाल, तेव्हा आपला सातबारा काढून पाहा व वारसांची नोंद पुरी करा. दुसरी, निवृत्त होऊन जे गावी स्थायिक होतील, त्यांनी आपले नाव तेथील मतदारयादीत घालावे. कारण ग्रामसभा ही त्या यादीतील मतदारांचीच असते. तिसरी विनंती भगिनींस. ग्रामसभेपूर्वी स्त्रियांची स्वतंत्र सभा घेण्याची तरतूद कायद्यात आहे. ज्या जिल्ह्यात स्त्रिया अधिक, तेथे ती सभा ओस पडावी, हे शोभत नाही.

गावच्या घराला कुलूप लागले, तर ते पुन्हा उघडता येते. परंतु दप्तरातून आणि सभेतून नाव गेले, तर ते परत आणणे कठीण. तेवढे आपण जपू या. जय महाराष्ट्र!