पाणी कुठं मुरतंय?

(महिला गटाच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



घरात भिंतीला ओल आली की पहिला प्रश्न बाईलाच येतो, ‘पाणी फार सांडतेस का?’ माझ्याकडेही तेच झालं. पाण्याचं बिल दुप्पट आलं, मोरीलगतची भिंत ओलावली आणि सगळे माझ्या धुण्याभांड्यांवर घसरले. प्लंबर आला, तो ‘साहेब कधी भेटतील?’ विचारून परत गेला. मग ठरवलं, आपणच शोधायचं.

रात्री सगळे नळ बंद करून मीटरचा आकडा वहीत लिहिला. सकाळी कुणी नळ सोडायच्या आत पाहिला, तर आकडा पुढे सरकलेला! ज्यांच्याकडे पाणी ठरावीक वेळीच येतं, त्यांनी रात्री आणि सकाळी टाकीत काठी बुडवून पातळी मोजावी.

दुसऱ्या रात्री फ्लशच्या टाकीत जिलबीचा रंग टाकला. अर्ध्या तासात फ्लश न ओढताच रंग संडासच्या भांड्यात उतरला. टाकीच्या तळाचं रबर झिजलं होतं. ते बदललं आणि मीटर रात्रीचा थांबला. ओल मात्र तशीच. म्हणजे ते पाणी माझ्या नळाचं नव्हतंच.

भिंतीवर ओलीच्या कडेनं पेन्सिलची रेघ ओढली, रोजची वेळ लिहू लागले. वरच्या मजल्यावरच्या आंघोळी झाल्या की ओल रेघेबाहेर जायची. ती मंडळी गावाला गेली, तेव्हा भिंत सुकू लागली. नळाचा पाइप फुटला असता, तर पाणी सतत झिरपलं असतं. इथं ते वापरानंतरच येत होतं.

वरच्या ताईंकडे भांडायला नाही, वही घेऊन गेले. त्याही घरी बोलणी खात होत्या. आम्ही दोघींनी त्यांच्या मोरीची जाळी बंद करून रंगीत पाणी साठवलं. दुसऱ्या दिवशी माझ्या भिंतीवर लालसर डाग! फरशीचे सांधे उघडले होते.

सोसायटीच्या बैठकीत म्हणाले, ‘सभासद तुमचे मिस्टर, त्यांना बोलू द्या.’ आम्ही वही टेबलावर ठेवली. ती वाचावीच लागली. सांधे भरले गेले.

तेव्हा बायांनो, वही ठेवा, तारीख-वेळ लिहा, शेजारणीला सोबत घ्या. आणि ज्या घराची ओल आपण शोधतो, त्याच्या कागदावर आपलं नाव का नाही, हा विषय पुढच्या बैठकीला घेऊ या.