अर्धपोटी राहून जमलेले चलन



 आजच्या परिषदेसाठी दुसऱ्या महायुद्धानंतरची आयातबंधने आणि परकीय चलनावरचे नियंत्रण, हा विषय ठरला तेव्हा आपल्या नागरिक मंडळाच्या काही सभासदांनी विचारले की, हा अर्थशास्त्राच्या प्राध्यापकांचा प्रांत. मंडळाने त्यात का पडावे? या प्रश्नाचे उत्तर देणे मी स्वागताध्यक्षाचे कर्तव्य समजतो.

एक कारण या गावातच आहे. चिंतामणराव देशमुखांचे बालपण इथे रोह्यात गेले. १९१२ च्या मॅट्रिकला पहिला येऊन संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती पटकावणारा हा विद्यार्थी १९४३ मध्ये रिझर्व्ह बँकेचा पहिला भारतीय गव्हर्नर झाला आणि १९५० ते १९५६ देशाचा अर्थमंत्री. १९५२ च्या निवडणुकीत त्यांना लोकसभेवर पाठवले ते आपल्याच, तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्याने. मुंबईच्या प्रश्नावर त्यांनी दिलेला राजीनामा महाराष्ट्राच्या चांगला लक्षात आहे. पण ज्या परकीय चलनाचा हिशेब त्यांनी इतकी वर्षे सांभाळला, त्याची हकीकत आपण कधी नीट मांडलीच नाही.

ती हकीकत सुरू होते १९३९ च्या सप्टेंबरात. युद्ध पुकारले गेले आणि भारत संरक्षण नियमांखाली परकीय चलनावर सरकारी नियंत्रण आले. पाठोपाठ १९४० मध्ये आयातीवर. ब्रिटिश सरकार युद्धासाठी इथून कापड, ताग, सैन्याला लागणारे सामान उचलत होते. त्याचे पैसे लंडनला रिझर्व्ह बँकेच्या खात्यात पौंडांत जमा होत आणि त्या जमेच्या आधारावर इथे रुपयाच्या नोटा निघत. १९३९ मध्ये सुमारे १८० कोटींच्या नोटा चलनात होत्या. १९४६ पर्यंत आकडा १,२०० कोटींच्या वर गेला. माल देशाबाहेर गेला, मागे नोटा उरल्या. भाव भडकले, रेशन आले, काळाबाजार माजला. १९४३ मध्ये बंगालात लाखो माणसे अन्नावाचून मेली, आणि त्याच वर्षी लंडनच्या खात्यातली आपली जमा वाढतच होती. युद्ध संपले तेव्हा ती सुमारे १,७०० कोटी रुपयांची होती.

पौंडांतली ही जमा, म्हणजेच स्टर्लिंग शिल्लक, ही अर्धपोटी राहिलेल्या माणसांची सक्तीची बचत होती, असे माझे ठाम मत आहे. म्हणूनच ती कोणी आणि कशावर खर्च केली हे विचारण्याचा हक्क प्राध्यापकांइतकाच आपलाही आहे.

ती हाती येणेही सोपे नव्हते. युद्धानंतरची जागतिक चलनव्यवस्था ठरवणाऱ्या १९४४ च्या ब्रेटन वुड्स परिषदेला गेलेल्या भारतीय शिष्टमंडळात चिंतामणराव होते, षण्मुखम चेट्टी आणि मुंबईचे अर्देशीर श्रॉफ होते. या शिल्लकेचा काही भाग तरी इतर देशांच्या चलनात बदलून मिळावा, अशी मागणी आपल्या प्रतिनिधींनी लावून धरली. ती मान्य झाली नाही. ब्रिटन हे देणे सन्मानाने फेडील, एवढे आश्वासन ब्रिटनचे प्रतिनिधी, अर्थशास्त्रज्ञ केन्स यांनी दिले. १९४७ च्या जुलैत ब्रिटनने पौंड डॉलरमध्ये बदलून देण्यास सुरुवात केली आणि पाच आठवड्यांत ते थांबवले. जे पौंड आपले होते, ते वर्षाला किती काढायचे हे करार करून ठरवावे लागले.

एकीकडे पैसा असा अडकलेला, दुसरीकडे फाळणी. तागाच्या गिरण्या कलकत्त्याला राहिल्या, तागाची शेते पूर्व बंगालात गेली. धान्य परदेशातून आणावे लागे आणि गिरण्यांची युद्धात झिजलेली यंत्रे बदलायची होती. १९४९ च्या सप्टेंबरात पौंडाबरोबर रुपयाचेही अवमूल्यन झाले. डॉलर सुमारे ३ रुपये ३१ पैशांवरून ४ रुपये ७६ पैशांवर गेला. पाकिस्तानने आपल्या रुपयाची किंमत कमी केली नाही, त्यामुळे दोन्ही देशांमधला व्यापार १९५१ पर्यंत जवळजवळ बंद पडला. अशा वेळी आलेले डॉलर आधी धान्याला आणि यंत्रांना, चैनीच्या वस्तूंना नंतर, हे धोरण योग्यच होते. त्या काळातल्या नियंत्रणाची मी आजही बाजू घेईन.

पुढचे मात्र तपासले पाहिजे. आयात परवाना हातात घेऊन पाहिला तर पुष्कळ कळते. त्याच्या दोन प्रती निघत, एक कस्टमसाठी आणि दुसरी परकीय चलन नियंत्रणासाठी. बँक जेवढे चलन देई, तेवढी रक्कम दुसऱ्या प्रतीवर नोंदवून वजा करी. डॉलरच्या प्रदेशातून माल आणायचा की पौंडाच्या, यावर परवाना मिळणे न मिळणे ठरे. धोरण सहा-सहा महिन्यांचे असे. आणि कोटा कोणाला? ज्याने पूर्वीच्या ठरावीक वर्षांत तो माल आणला होता त्याला, त्या वर्षांतल्या आयातीच्या प्रमाणात. म्हणजे जुन्या पेढीला नुसती जुनी वही दाखवून परवाना मिळे, तर नव्याने धंद्यात उतरणाऱ्या हुशार तरुणाला दाखवायला वहीच नसे. देशभराच्या उपासातून जमलेले चलन अशा रीतीने मूठभरांच्या हाती गेले. परवान्याचीच किंमत मालापेक्षा मोठी झाली. ही व्यवस्था अन्यायाची होती, असे मी स्पष्ट म्हणतो.

आयात-निर्यात नियंत्रणाचा १९४७ चा कायदा मुळात फक्त तीन वर्षांसाठी होता. मुदत वाढत गेली, १९७१ मध्ये तो कायमचा झाला आणि १९९२ मध्ये रद्द झाला. एवढ्या काळात आपल्या कोकण किनाऱ्याने काय सोसले, ते इथे बसलेल्यांना सांगायला नको. सोन्याची आयात बंद, देशातला भाव बाहेरच्यापेक्षा कितीतरी चढा. मग रात्रीच्या अंधारात माल उतरू लागला. त्याच चोरट्या वाटेने १९९३ मध्ये आपल्या जिल्ह्यातल्या शेखाडीला मुंबईच्या बॉम्बस्फोटांसाठीची स्फोटके उतरली. आयात धोरणाचा आणि आपला संबंध काय, असे विचारणाऱ्या सभासदांना माझे हे दुसरे उत्तर.

आज बोलणाऱ्या अभ्यासकांना माझी एक विनंती आहे. नियंत्रण असावे की नसावे एवढ्यावर थांबू नका. ते कोणत्या वर्षापर्यंत गरजेचे होते आणि कोणत्या वर्षापासून ते काहींच्या सोयीचे झाले, हे आम्हाला दाखवा. आणि रोहा, अलिबाग, पेण, महाड इथल्या जुन्या व्यापारी घराण्यांना विनंती ही की, माळ्यावरच्या ट्रंकांत परवान्याच्या प्रती, कोट्याचे अर्ज, बँकेची पत्रे असतील तर ती रद्दीत घालू नका. दारापाशी मंडळाचे कार्यकर्ते बसले आहेत, त्यांच्याकडे नोंद करा. कागदांची नक्कल काढून मूळ प्रती आपल्याला परत केल्या जातील.

अध्यक्ष महोदयांनी आता परिषदेची सूत्रे हाती घ्यावीत, अशी विनंती करतो.