ठराव होण्याआधी



कावेरीकाठच्या तिरुवैयारुत आपलं मनापासून स्वागत. त्यागराजांच्या समाधीपाशी डोकं टेकवून तुम्ही मांडवात आला असाल. नसाल तर जेवणाआधी जाऊन या. गावचं माहात्म्य सांगायचं, राहण्याजेवणातल्या उणिवांबद्दल क्षमा मागायची आणि खाली बसायचं, एवढीच स्वागताध्यक्षाकडून अपेक्षा असते. पण या पदावरून कारभाराच्या विषयाला हात घालण्याची वाट आपल्यातल्याच एका माणसाने पाडून ठेवली आहे. डिसेंबर १८८७ मध्ये मद्रासला काँग्रेसचं तिसरं अधिवेशन भरलं, तेव्हा स्वागत समितीचे अध्यक्ष होते सर टी. माधवराव. जन्म कुंभकोणमचा, घराणं तंजावरी मराठी, आणि त्रावणकोर, इंदूर, बडोदा अशा तीन संस्थानांची दिवाणगिरी पाठीशी. त्याच अधिवेशनासाठी वीरराघवाचारी नावाच्या कार्यकर्त्याने सामान्य माणसाला समजेल अशी प्रश्नोत्तरांची तमिळ पुस्तिका काढली होती, आणि वर्गणी एका आण्यापासून स्वीकारली गेली होती. दिवाणांचं नाव इतिहासात राहिलं. आज मला बोलायचं आहे ते आणा देणाऱ्याविषयी.

कारण आपला, म्हणजे तंजावरच्या मराठी समाजाचा, सरकारशी संबंध जुना असला तरी तो टेबलाच्या एकाच बाजूचा आहे. १८५५ पर्यंत इथे भोसल्यांचं राज्य होतं. त्या दरबाराची मोडी दफ्तरं सरस्वती महाल ग्रंथालयात आजही आहेत. राज्य गेलं तरी कचेरी सुटली नाही. शिरस्तेदार, तहसीलदार, दिवाण ही नावं आपल्या घराण्यांना शोभून दिसली. खुर्चीत बसून कारभार कसा करावा हे आपल्याला न शिकवता येतं. समोरच्या बाकावर बसून कारभाऱ्याला हिशेब विचारणं मात्र अजून अवघडल्यासारखं होतं. ओळखीच्या अधिकाऱ्याला फोन केला की आपलं काम होतं, आणि त्यालाच आपण सहभाग समजतो. माझं म्हणणं असं की, रहिवाशाचा सरकारातला खरा वाटा निर्णय कच्च्या मसुद्यात असतो तेवढ्याच मुदतीत उचलता येतो. मुदत टळली की उरतो तो मोर्चा किंवा कोर्ट.

पुरावा याच भागात आहे. १६ जानेवारी २०२० रोजी केंद्राने पर्यावरणविषयक अधिसूचनेत बदल करून जमिनीवरच्या तेल व वायू शोधाच्या प्रकल्पांना जनसुनावणीतून सूट दिली. म्हणजे भाताच्या खाचरात यंत्र उतरण्याआधी गावकऱ्याला हरकत नोंदवायची जी एक खुर्ची होती, तीच उचलली गेली. पण कतिरामंगलम आणि नेडुवासल इथली तेल-वायूविरोधी आंदोलनं २०१७ पासून गाजत होती आणि कितीतरी ग्रामसभांच्या वह्यांत विरोधाचे ठराव चढले होते. फेब्रुवारी २०२० मध्ये राज्याने कावेरीच्या खोऱ्यासाठी संरक्षित कृषिक्षेत्राचा कायदा केला. कायद्याने आधीपासून चालू असलेल्या प्रकल्पांना हात लावला नाही, ही त्याची मोठी उणीव. तरी २०२३ मध्ये वडसेरीसह या भागातले कोळशाचे पट्टे केंद्राच्या लिलावाच्या यादीत आले, तेव्हा राज्य सरकारलाही विचारलं नाही अशी तक्रार मुख्यमंत्र्यांनी केली आणि पंधरवड्याच्या आत ते पट्टे यादीतून वगळले गेले. नुसत्या घोषणांनी हे झालं असतं असं मला वाटत नाही. ठराव, कायदा, कागद हातात होता, म्हणून राज्याला ठामपणे बोलता आलं.

यावर पहिला आक्षेप ठरलेला: ग्रामसभा म्हणजे सह्यांचा सोपस्कार. बऱ्याच ठिकाणी तसं आहे, हे मान्य. पण त्या सभेत होतं काय ते जवळून पाहा. तमिळनाडूत २०२२ पासून वर्षाला सहा ग्रामसभा भरतात: २६ जानेवारी, २२ मार्च, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर आणि १ नोव्हेंबर. गणसंख्या लोकसंख्येवर ठरते. तीन ते दहा हजारांच्या गावाला दोनशे माणसं लागतात. विषयपत्रिकेवर पंचायतीचा जमाखर्च असतो आणि तो वाचून दाखवला जातो. भराभर, एका सुरात, कोणाला ऐकू जाऊ नये अशा बेताने. तिथे एकाने उठून ‘रस्त्याच्या दिव्यांचा आकडा पुन्हा वाचा’ म्हटलं, की सोपस्कार संपतो. शिवाय या सभेचं बळ निवडणुकीवर अवलंबून नाही. तंजावरसह अनेक जिल्ह्यांतल्या ग्रामीण लोकनियुक्त संस्थांची मुदत ५ जानेवारी २०२५ ला संपली आणि विशेष अधिकारी आले. मुंबई महापालिकेतही मार्च २०२२ नंतर तीन वर्षांहून अधिक काळ प्रशासकच होता. सदस्यांची मुदत संपते, ग्रामसभेची संपत नाही, कारण गावच्या मतदारयादीतला प्रत्येक जण तिचा सभासद असतो.

शहरांची गोष्ट कमजोर आहे. प्रभाग समित्या आणि क्षेत्रसभांचे नियम इथे २०२२ मध्ये आले, त्याच वर्षी १ नोव्हेंबरला सभा भरवायला सुरुवातही झाली. पण क्षेत्रसभेचे प्रतिनिधी लोक निवडत नाहीत, परिषद नेमते. नगरसेवकाच्या मर्जीतली माणसं नगरसेवकाला काय विचारणार? ही त्रुटी दूर व्हावी असा ठराव या संमेलनाने करावा. मात्र स्थानिक संस्थांपाशी पैसा आणि अधिकारच नसतात, मग विचारून काय उपयोग, हे मला पटत नाही. याच तंजावरच्या जिल्हा बोर्डाने स्वतःच्या मालकीची रेल्वे बांधली होती. मायावरम ते मुत्तुपेट्टै ही गाडी १८९४ मध्ये सुरू झाली. आणि चोळांच्या काळातल्या उत्तिरमेरूरच्या शिलालेखात, जो हिशेब देत नाही त्याला आणि त्याच्या नातलगांना निवडीतून बाद करण्याची तरतूद आहे. त्या सभेत जागा होती ती जमीन असलेल्या, वेद शिकलेल्या पुरुषांनाच, म्हणून तिला लोकशाही म्हणणं मला जड जातं. पण हिशेबाचं ते कलम आजच्या कायद्यांपेक्षा कडक आहे.

शेवटचा आक्षेप आपल्यातल्याच काहींचा: आपण मूठभर, भाषा वेगळी, आपलं कोण ऐकणार? भाषा वेगळी ती घरात. माहिती अधिकाराचा अर्ज कायद्यानेच इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाच्या राजभाषेत करावा लागतो. इथे तो तमिळमध्ये लिहा. शेजारी वाचू शकेल, आणि पुढच्या वेळी सही त्याचीही मिळेल. असा कायदा करणारं तमिळनाडू हे पहिलं राज्य, १९९७ सालचं. मग आपल्याला संकोच कसला? सोमवारी जिल्हाधिकारी कचेरीत निवेदन द्याल तेव्हा क्रमांकाची पावती घ्या आणि जपून ठेवा. ओळखीच्या साहेबाला केलेल्या फोनची पावती कधीच मिळत नाही.

तेव्हा मंडळी, जेवणावळी, गाणं, भेटीगाठी यांचा मनसोक्त आनंद घ्या. परत गेल्यावर आपल्या पंचायतीचा किंवा प्रभागाचा गेल्या वर्षीचा जमाखर्च लेखी मागा, आणि येत्या सभेत त्यातला एक तरी आकडा उभं राहून विचारा.