गाव आठवावे कसे?

(वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



आपल्या बार्शीत चार वडीलधारी माणसे एकत्र बसली की बोलणे फिरून फिरून त्याच ठिकाणी येते. ती छोटी गाडी, स्टेशनाबाहेरचे टांगे, गिरण्यांचे भोंगे. "आता ते गाव राहिले नाही," असे म्हणून वडीलधारे सुस्कारा सोडतात आणि मुले हळूच उठून जातात. मला आज या दोघांशीही दोन शब्द बोलायचे आहेत.

प्रथम त्या गाडीविषयी. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनियरने बार्शी लाइट रेल्वे उभी केली. १८९७ साली बार्शी रोड, म्हणजे आजची कुर्डुवाडी, येथून बार्शीपर्यंत ती सुरू झाली. दोन रुळांमधले अंतर अवघे अडीच फूट! पुढे १९०६ मध्ये ती पंढरपूरला, १९११ मध्ये लातूरला आणि १९२७ मध्ये मिरजेला पोहोचली. त्या वेळी बार्शी इंग्रजी मुलखात आणि लातूर निजामाच्या राज्यात. एका लहानशा गाडीने दोन राज्यांतल्या बाजारपेठा जोडल्या. १९५४ साली सरकारने ही कंपनी विकत घेतली.

वडीलधारे सांगतात की येडशीच्या बाजूला चढ लागला की गाडी दमायची. आषाढी-कार्तिकीला ती वारकऱ्यांनी फुलून जाई आणि आत जागा नसली तर लोक टपावर बसत. स्टेशनावर टांगेवाले वाट पाहत उभे असत. त्यांत आपल्या समाजातली माणसेही होती. वारकऱ्याला मुसलमानाच्या टांग्यात बसताना काही वेगळे वाटत नव्हते आणि टांगेवाल्यालाही नव्हते. ही आठवण मुलांपर्यंत पोहोचली पाहिजे, असे मला मनापासून वाटते.

परंतु आठवणीला एक खोड असते. ती गोड तेवढे ठेवते आणि कडू गाळून टाकते. टपावर बसून जाणे ऐकायला मौजेचे वाटते. पण पोटाशी लेकरू धरून त्या गर्दीत शिरणाऱ्या बाईला ते कसे वाटत असेल? कुर्डुवाडीला लहान गाडीतला माल उतरवून मोठ्या गाडीत भरावा लागे. व्यापाऱ्याला त्याचा वेळ आणि पैसा पडे, तर हमालाचे घर त्याच मजुरीवर चाले. २००७ आणि २००८ साली लातूर ते कुर्डुवाडी मार्ग दोन टप्प्यांत रुंद झाला, पूर्वी वगळलेले धाराशिव शहर मार्गावर आले आणि माल व माणसे न बदलता पुढे जाऊ लागली. हे चांगलेच झाले. पण ज्याच्या पाठीवर ती पोती चढत होती, त्या माणसाची आठवण कोणी ठेवली?

हा प्रश्न मी उगाच विचारीत नाही. नववीच्या वर्गात मी एकदा "माझे आजोबा" हा निबंध दिला होता. एका हुशार मुलाने लिहिले, "आजोबा रेल्वेत होते." चौकशी केली तेव्हा कळले की ते हमाल होते, आणि मुलाला ते लिहायची लाज वाटत होती. विद्यार्थी मित्रांनो, ज्या पाठीने पोती वाहिली त्याच पाठीवर तुमचे शिक्षण उभे आहे. गावातली इमारत पडली तर नवी बांधता येते; पण आजोबांच्या कष्टाची लाज घरात शिरली, तर ती सहजासहजी निघत नाही.

म्हणून एक काम सांगतो. सुटीत एक दोनशे पानी वही घ्या. दादा-दादी, नाना-नानी यांच्यापाशी बसा आणि ते सांगतील ते लिहून काढा. त्यांना साल आठवणार नाही, तेव्हा खुणा विचारा. पोलीस ॲक्शनच्या, म्हणजे १९४८ च्या, आधी की नंतर? १९७२ च्या दुष्काळात तुम्ही काय काम करीत होता? ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंप झाला तेव्हा कोठे होता? अशा खुणांनी आठवण जागेवर बसते. एकच गोष्ट दोघांना विचारा, आणि दोघांचे जुळले नाही तर दोन्ही लिहा. दादी-नानींना अवश्य विचारा. पुरुषांना स्टेशन आठवते. पाणी कोठून आणीत, दळण कोठे दळीत, आजारी मूल घेऊन किती चालत, हे त्याच सांगू शकतील.

पालकांनाही एक विनंती आहे. साफसफाईत जुनी पेटी रिकामी करताना शाळेचे दाखले, भाडेपावत्या, निकाहनामे, फोटो रद्दीत घालू नका. अशा कागदांची गरज कधी पडेल याचा नेम नसतो. फोटोच्या मागे पेन्सिलीने नावे आणि साल लिहून ठेवा. आणि "आमच्या वेळी असे नव्हते" ही छडी मुलांवर उगारू नका. छडी पाहून मुले पळतात, गोष्ट ऐकायला मात्र जवळ येतात.

छोटी गाडी परत येणार नाही आणि ती यावी असा माझा आग्रहही नाही. पण ती पाहिलेली माणसे दरवर्षी कमी होत आहेत. ती आहेत तोवर विचारून घ्या. पुढच्या संमेलनात अशा वीस वह्या जरी शाळेच्या ग्रंथालयात जमा झाल्या, तरी आपण आपल्या गावाचे थोडे ऋण फेडले असे मी समजेन.