आपल्या वर्णाची छटा



फाउंडेशन म्हणजे चेहऱ्याला लावायचा रंगीत लेप. त्यात पांढरे टायटॅनियम डायऑक्साइड आणि लोहाची तांबडी, पिवळी व काळी ऑक्साइडे असतात. आपला गेरू त्या तांबड्याचाच सगोत्र! या चौघांच्या कमीअधिक प्रमाणातून साऱ्या छटा निघतात.

त्यांतली आपली कोणती? मनगटावर पाहू नका. हाताचा आणि चेहऱ्याचा वर्ण पुष्कळदा वेगळा असतो. जबड्याच्या कडेला तीन छटांचे पट्टे ओढा. दहा मिनिटे थांबा, कारण वाळताना काही लेप गडद होतात. मग दुकानाबाहेर, दिवसाच्या उजेडात आरसा पाहा. जो पट्टा दिसेनासा होईल, ती तुमची छटा.

पण मन हटकून एक पायरी उजळ छटा मागते! २०१७ साली गायिका रिहाना हिच्या 'फेंटी ब्यूटी'ने एकदम ४० छटा आणल्या. २०२० साली आपल्याकडे 'फेअर अँड लव्हली'च्या नावातून 'फेअर' गेले. बाजार इतका बदलला. आता आपण बदलायचे. उजळ लेपाखाली मान सावळीच राहते आणि चेहऱ्याचा मुखवटा होतो. मुलीला पहिली बाटली घेऊन द्याल, तेव्हा तिच्याच वर्णाची द्या.